मेलेला माणूस बोलला तरी गोष्ट संपत नाही

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात सहा सेशन, म्हणजे सहा बैठका, पुरेल असं खुनाचं प्रकरण मी रचलं होतं. बंदरावरच्या गावातला धान्याचा मोठा व्यापारी स्वतःच्याच गोदामात मरून पडलेला, चार संशयित, एक गायब खातेवही आणि एक खोटं बोलणारा पहारेकरी. पहिल्या सेशनला वीस मिनिटं झाली असतील-नसतील, तोच क्लेरिक, म्हणजे देवाच्या कृपेने जादू करणारं पुजाऱ्याचं पात्र, खेळणारी आमची मैत्रीण म्हणाली, "मी प्रेताशी बोलते." तिचं पात्र नुकतंच पाचव्या लेव्हलला पोचलं होतं आणि 'स्पीक विथ डेड' हे स्पेल, म्हणजे मेलेल्याला बोलतं करायचा मंत्र, तिच्या हाताशी होतं.

मी घाबरलो. सहा सेशनची मेहनत डोळ्यांसमोर वाहून जाताना दिसली आणि तोंडाला आलं ते बोलून गेलो, "प्रेताला जबडाच नाहीये." नियमाप्रमाणे तोंड शाबूत नसेल तर प्रेत बोलत नाही. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा हातातल्या कॅरेक्टर शीटकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "मग हे स्पेल मी घेतलं कशाला?"

त्या प्रश्नाचं उत्तर त्या रात्री मला देता आलं नाही. नंतर बरीच वर्षं खेळ चालवताना, आणि दुसऱ्यांच्या टेबलावर खेळाडू म्हणून बसताना, ते थोडंथोडं सापडत गेलं. हा लेख त्याबद्दल आहे.

ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. त्यातला एक डीएम, म्हणजे डन्जन मास्टर. बाकीच्यांचं प्रत्येकी एक पात्र. डीएम सांगतो समोर काय दिसतंय, खेळाडू सांगतात आमची पात्रं काय करतात, आणि जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकतात. त्याच पात्रांना घेऊन महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं चालणाऱ्या लांबलचक गोष्टीला कॅम्पेन म्हणतात. पात्रं पहिल्या लेव्हलपासून विसाव्यापर्यंत वाढतात आणि वाढतील तशी त्यांना जास्त ताकदीची स्पेल मिळत जातात. जादूच्या आठ शाखा आहेत. आग लावणारी, भ्रम निर्माण करणारी, मेलेल्यांना उठवणारी, अशा. त्यातली एक शाखा डिव्हिनेशनची. जे डोळ्यांना दिसत नाही आणि कानांवर पडत नाही, ते जाणून घेण्याची विद्या. या लेखातले नियम आणि आकडे 2014 च्या पाचव्या आवृत्तीतले आहेत.

बाकीच्या जादूला डीएम घाबरत नाहीत. 'फायरबॉल'ने बारा गॉब्लिन जळाले तर पुढच्या वळणावर आणखी बारा उभे करता येतात. पण गुपित एकदा फुटलं की ते परत झाकता येत नाही. आणि डीएमने सगळ्यात जास्त वेळ त्या गुपितावरच घालवलेला असतो. राजाचा प्रधान फितूर आहे, हे तिसऱ्या महिन्यात उघड व्हायचं ठरलेलं असतं, आणि कुणीतरी दुसऱ्याच सेशनला 'डिटेक्ट थॉट्स' वापरून प्रधानाच्या मनात डोकावतं.

गंमत अशी की ही जादू खेळात पहिल्यापासून आहे. 1974 च्या त्या छोट्या पुस्तिकांमध्येही दुसऱ्याचे विचार वाचण्याचं, वस्तू कुठे आहे ते शोधण्याचं आणि देवाला प्रश्न विचारण्याचं स्पेल होतं. तेव्हा त्याने कुणाचं बिघडत नव्हतं, कारण खेळ मुख्यतः तळघरांचा होता. डीएमने नकाशा आधीच काढून ठेवलेला असे. चौदाव्या खोलीत खजिना आहे तर तो आहे, कुणी विचारा किंवा विचारू नका. डाव्या दारामागे काय आहे हे जाणून घ्यायला खेळाडू जादू खर्च करत, जशी मशाल किंवा दोर खर्च करत. माहिती ही विकत घ्यायची चीज होती. पुढे गोष्टींना कथानक आलं, खलनायक आला, शेवटच्या अंकात फोडायचं रहस्य आलं. स्पेल तीच राहिली, आपली अपेक्षा बदलली. म्हणून मला वाटतं, दोष जादूला देण्याआधी आपण लिहिलेली गोष्ट कशावर उभी आहे ते पाहावं. खेळाडूंना कळलं नाही तरच टिकेल अशी गोष्ट असेल, तर ती जादूवाचूनही कोसळते. एखादा हुशार खेळाडू चहा पिता पिता बरोबर अंदाज करतो आणि खेळ खलास.

प्रेताला काय माहीत असतं

'स्पीक विथ डेड' नीट वाचलं तर ते केवढं मापून लिहिलंय ते कळतं. प्रश्न पाचच. प्रेताला जिवंतपणी जे ठाऊक होतं तेवढंच ठाऊक असतं. मेल्यानंतर काय झालं ते त्याला माहीत नाही. उत्तरं त्रोटक, बऱ्याचदा कोड्यात. तुम्ही त्याचे वैरी असाल तर खरं सांगायचं बंधन त्याच्यावर नाही. आणि एकदा हे स्पेल वापरलेल्या प्रेतावर पुढचे दहा दिवस ते पुन्हा चालत नाही.

म्हणजे हा सर्वज्ञ साक्षीदार नव्हे. हा एक माणूस आहे, ज्याने शेवटच्या क्षणी काहीतरी पाहिलं. पाठीमागून सुरा बसला असेल तर त्याने कुणालाच पाहिलेलं नाही. विष घातलं असेल तर त्याला वाटतंय आपण जेवून झोपलो. रूप बदलणाऱ्या प्राण्याने भावाचं रूप घेऊन मारलं असेल तर तो कळवळून भावाचंच नाव घेईल, आणि ते त्याच्यापुरतं खरं असेल. यातली कुठलीही गोष्ट डीएमने आधी ठरवलेली असेल तर ती फसवणूक होत नाही. खेळाडूने पाच प्रश्नांत भरपूर काही मिळवलेलं असतं: मरणाची वेळ, शेवटची भेट, कुणाशी भांडण होतं, खातेवही कुठे ठेवली होती. मी ऐन वेळी जबडा काढून घेतला तिथे चुकलो. जबडा नसणं नियमात बसत होतं, पण ते त्या जगात घडलेलं नव्हतं. ते माझ्या भीतीतून आलं होतं आणि टेबलावरच्या सगळ्यांना ते कळलं.

शिवाय किंमत मोजलेली असते, हे आपण विसरतो. पाचव्या लेव्हलच्या क्लेरिककडे दिवसाला तिसऱ्या पातळीची (स्पेलची पातळी वेगळी, पात्राची लेव्हल वेगळी) दोनच स्पेल टाकण्याइतकी ताकद असते. त्याच ताकदीतून 'रिव्हिव्हिफाय' होतं, ज्याने नुकताच मेलेला सोबती एका मिनिटाच्या आत परत उठवता येतो. सकाळी प्रेताशी बोललेल्या क्लेरिककडे संध्याकाळच्या लढाईसाठी अशी एकच संधी उरते. तिने माहितीसाठी मित्राचा प्राण पणाला लावलेला असतो. त्या बदल्यात तिला रिकामा हात दाखवणं अन्याय आहे.

नरो वा कुंजरो वा

'झोन ऑफ ट्रूथ' हे दुसऱ्या पातळीचं स्पेल. पंधरा फूट त्रिज्येचा गोल, दहा मिनिटं. आत असलेल्याने करिष्म्याची फेक (स्पेल परतवण्यासाठी टाकलेला फासा) हरली तर त्याला जाणूनबुजून खोटं बोलता येत नाही. ती फेक कोण जिंकलं, कोण हरलं हे स्पेल टाकणाऱ्याला कळतं. नवा डीएम हे वाचून हादरतो. आता प्रत्येक संशयिताला त्या गोलात उभं करणार आणि संपलं सगळं.

पण नियमात पुढे लिहिलंय की स्पेल लागू झालेल्या माणसाला ते समजतं. तो उत्तर टाळू शकतो, गप्प बसू शकतो, खऱ्याच्या हद्दीत राहून वळसे घेऊ शकतो. आपल्याला हे समजावून सांगायची गरजच नाही. द्रोणाचार्यांनी विचारलं तेव्हा युधिष्ठिर खोटं बोलला नव्हता. अश्वत्थामा नावाचा हत्ती खरंच मेला होता. त्या गोलात उभा राहून धर्मराजाने तेच वाक्य म्हटलं असतं तरी जादूने हरकत घेतली नसती. 'नरो वा कुंजरो वा' हा वाक्प्रचार लहानपणापासून ऐकलेला मराठी खेळाडू या स्पेलचा वापर फार लवकर शिकतो, हा माझा अनुभव आहे. मोकळा प्रश्न विचारला की निसटायला वाट मिळते, म्हणून तो वकिलासारखा वाटा बंद करत येतो. "तू त्याला मारलंस का?" नंतर "तू कुणाकडून मारवलंस का?" नंतर "तो मरणार हे तुला आधी माहीत होतं का?" आणि तिसऱ्या प्रश्नाला समोरचा गप्प होतो. ते गप्प होणं चालवताना माझ्याच अंगावर काटा येतो. लढाईचा फासा पडताना टेबल इतकं शांत नसतं.

त्यात आणखी एक खाच आहे आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. फेक कोण हरलं हे फक्त स्पेल टाकणाऱ्याला कळतं. भरल्या दरबारात क्लेरिक म्हणते, "हा आता खोटं बोलू शकत नाही." बाकीच्यांनी ते का मानावं? तिच्या शब्दावर. म्हणजे प्रश्न आरोपीच्या खरेपणावरून क्लेरिकच्या खरेपणावर येतो. ती कुठल्या देवळाची, त्या देवळाचं राजाशी कसं जमतं, त्यांची जमीन कुणाकडे गहाण आहे, हे सगळं बाहेर निघतं. जादूने सत्य शोधता येतं, पण पटवायला माणसंच लागतात. ज्या डीएमला राजकारणाचं कॅम्पेन चालवायचंय त्याने हे स्पेल खेळाडूंच्या हातात आनंदाने द्यावं.

कौल आणि भविष्य

देवाला विचारण्याच्या स्पेलचं गणित वेगळं आहे. सगळ्यात साधं 'ऑगरी'. पुढच्या अर्ध्या तासात अमुक केलं तर काय होईल, एवढंच विचारायचं. उत्तर चारांपैकी एक: शुभ, अशुभ, दोन्ही, किंवा काहीच नाही. कोकणात आणि गोव्यात ज्यांनी देवळात कौल लावलेला पाहिलाय त्यांना हे घरचंच वाटेल. मूर्तीला पाकळ्या लावायच्या, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आणि मनासारखा कौल मिळाला नाही म्हणून पुन्हा पुन्हा लावत बसायचं नसतं, ही समजही तिथे असते. खेळात तीच समज आकड्यात उतरवलीय. लांब विश्रांतीआधी, म्हणजे पात्राची रात्रीची झोप होण्याआधी, दुसऱ्यांदा विचारलंत तर 25 टक्के शक्यता आहे की उत्तर वाटेल ते येईल, तिसऱ्यांदा 50 टक्के. तो फासा डीएम गुपचूप टाकतो, म्हणजे मिळालेला कौल खरा की भलताच, हे खेळाडूला कळत नाही.

सातव्या लेव्हलला खुद्द 'डिव्हिनेशन' नावाचं स्पेल येतं. सात दिवसांच्या आतल्या गोष्टीबद्दल एक प्रश्न. नवव्या लेव्हलला 'कम्यून', देवाला हो-नाहीचे तीन प्रश्न. तिथे देवही सर्वज्ञ असेलच असं नाही, 'स्पष्ट नाही' असं उत्तर येऊ शकतं. विझर्डसाठी, म्हणजे अभ्यासाने जादू शिकलेल्या पात्रासाठी, 'कॉन्टॅक्ट अदर प्लेन' आहे. पाच प्रश्न मिळतात, पण आधी बुद्धीची 15 ची फेक जिंकावी लागते. हरलात तर डोक्याला जबर इजा होते आणि लांब विश्रांतीपर्यंत तुमचं पात्र भ्रमिष्टासारखं बडबडत बसतं.

अर्धा तास, सात दिवस. या मुदती वाटेल तशा घातलेल्या नाहीत. टेबलावर भविष्य अस्तित्वातच नसतं. डीएमलाही ते माहीत नसतं, कारण चार मोकळे खेळाडू पुढच्या तासाला काय करतील हे सांगता येत नाही. मग "आम्ही जिंकू का?" या प्रश्नाला काय सांगायचं? प्रामाणिक उत्तर एकच: आत्ता सगळे ज्या वाटेने चाललेत तसेच चालत राहिले तर काय होईल. सेनापती कुठे कूच करायच्या बेतात आहे, खलनायकाचा विधी किती रात्री लांब आहे, पुलाची दुरुस्ती पुरी झालीय का. 'ऑगरी'च्या नियमात हे स्पष्टच आहे. वाटेत परिस्थिती बदलली, नवा सोबती आला, आणखी जादू वापरली, तर त्याचा हिशोब त्या उत्तरात धरलेला नसतो. मुदत जितकी छोटी तितकं डीएमला खरं सांगता येतं. म्हणून तर खेळ तयार करणाऱ्यांनी महिन्यांचं भविष्य सांगणारी साधी स्पेल दिलीच नाहीत.

भविष्यकथनाचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण मात्र एका तयार साहसातलं आहे. 1983 मध्ये ट्रेसी आणि लॉरा हिकमन यांचं 'रेव्हनलॉफ्ट' आलं. एका रक्तपिपासू सरदाराचा किल्ला आणि त्याखाली पिचलेलं खोरं. तिथे एक भविष्य सांगणारी बाई भेटते आणि पत्ते मांडते. डीएम खरोखर पत्ते पिसून टेबलावर मांडतो. कुठला पत्ता आला त्यावरून ठरतं की सरदाराला हरवायला लागणाऱ्या वस्तू कुठल्या जागी आहेत आणि तो स्वतः किल्ल्यात कुठे भेटणार. 2016 च्या 'कर्स ऑफ स्ट्रॉड'मध्ये हेच आणखी फुलवलंय. पाच पत्ते, त्यातले तीन वस्तूंचे, एक साथीदाराचा, एक अखेरच्या भेटीच्या जागेचा. भविष्य खोटं ठरायची भीतीच नाही, कारण पत्ते मांडले त्या क्षणी गोष्टच तशी घडवली गेली. आणि खेळाडूंचा हातही बांधला जात नाही. तलवार अमुक थडग्यात आहे हे कळलं, पण तिथवर जायचं की नाही, कुणाला बरोबर घ्यायचं, आधी गाव वाचवायचं की आधी तलवार, हे त्यांच्याकडेच राहतं. भविष्य 'कुठे' एवढंच सांगतं. 'काय होईल' ते सांगत नाही. घरी स्वतःचं कॅम्पेन रचणाऱ्याने भविष्यवाणी लिहिण्याआधी हा पत्त्यांचा डाव एकदा जरूर पाहावा.

पाचव्या आवृत्तीतल्या डिव्हिनेशन शाखेच्या विझर्डलाही असंच सुंदर काहीतरी मिळतं. 'पोर्टेंट' म्हणतात त्याला. लांब विश्रांतीनंतर दोन फासे टाकून आकडे लिहून ठेवायचे, आणि दिवसभरात कुणाच्याही फेकीऐवजी ते वापरायचे. समजा सकाळी 3 आणि 19 आले. म्हणजे आज कुणाची तरी फार वाईट वेळ येणार आणि कुणाची तरी फार चांगली, हे विझर्डला कळलंय. कुणाची, ते तो ठरवणार. डीएमला एक शब्द आधी सांगावा लागत नाही आणि तरी खेळाडूला द्रष्टा असल्यासारखं वाटतं.

केस, नखं आणि हिऱ्याची पूड

दूरदृष्टीच्या 'स्क्राइंग' स्पेलने दूरच्या माणसाला पाहता आणि ऐकता येतं. आपल्याकडे ही दृष्टी म्हटली की संजय आठवतो. सगळं युद्ध त्याला दिसलं, तो सांगत राहिला, आणि त्याच्या हातात बदलण्यासारखं काहीच नव्हतं. खेळाडूंच्या हातात असतं, म्हणून डीएमला हे स्पेल जड जातं. पण तेही मापलेलं आहे. समोरच्याला मनोबलाची फेक मिळते, आणि तुम्ही त्याला किती ओळखता, त्याचं काय तुमच्याकडे आहे यावर ती सोपी किंवा अवघड होते. फक्त ऐकून माहीत असेल तर त्याच्या फेकीत 5 वाढतात. त्याचं चित्र असेल तर 2 कमी, वापरातली वस्तू असेल तर 4 कमी, केस किंवा नखाचा तुकडा असेल तर तब्बल 10 कमी. केस-नखं कुणाच्या हाती लागू देऊ नये असं आजी सांगायची, त्यामुळे आमच्या टेबलावर हा नियम कुणाला समजावावा लागला नाही. तीन सेशन सगळे आमच्या गोष्टीतल्या एका सरदाराची फणी पळवण्याच्या मागे होते. माहिती मिळवण्याचं स्पेल असल्यामुळे गोष्ट आखडली नाही. वाड्यात शिरण्याचं, मोलकरणीशी मैत्री करण्याचं, न्हाव्याला पैसे चारण्याचं कारण तयार झालं.

आता बचावाची बाजू. 'नॉनडिटेक्शन' नावाचं स्पेल आहे. ज्याच्यावर असेल तो आठ तास अशा जादूला सापडत नाही. बरेच डीएम खलनायकावर हे कायमचं लावून मोकळे होतात. प्रत्येक प्रश्नाला "काही दिसत नाही". हे माझ्या जबड्यासारखंच आहे, फक्त जास्त रीतसर. त्यापेक्षा हिशोब करून पाहा. प्रत्येक वेळी 25 सोनमोहरांची हिऱ्याची पूड त्यात जळते. चोवीस तास झाकून राहायचं तर दिवसाला तीनदा, म्हणजे 75 मोहरा. महिन्याला 2250. एवढी पूड शहरात कोण विकतं? कुठल्या जवाहिऱ्याच्या वहीत दर आठवड्याला तेच गिऱ्हाईक दिसतं? जादूला उत्तर मिळालं नाही हीच मोठी बातमी आहे, कारण लपण्याइतके पैसे आणि कारण फार थोड्या लोकांकडे असतं. मी एकदा असा हिशोब खेळाडूंना स्वतःहून करताना पाहिला. विझर्ड खेळणाऱ्याने कागदावर भागाकार मांडला आणि सगळे एका आवाजात म्हणाले, "सोनार गाठा."

जग असंच शहाणं असायला हवं. जिथे प्रेतं बोलतात तिथले मारेकरी तोंड विद्रूप करून जातील. जिथे जादू हुडकता येते तिथे चोरटे शिशाची पेटी वापरतील, कारण शिशाचा पातळ पत्रासुद्धा 'डिटेक्ट मॅजिक' आणि 'लोकेट ऑब्जेक्ट' दोन्ही अडवतो. मात्र हे खेळाडूंना दिसायला हवं. पहिल्याच गावात एक म्हातारा कबर खोदणारा म्हणाला पाहिजे, "श्रीमंताघरचं मेलेलं असलं की आम्ही रात्रभर तोंडावर पहारा देतो." मग वीस सेशननंतर जबडा नसलेलं प्रेत सापडलं तर कुणी डीएमकडे संशयाने पाहत नाही. सगळे एकमेकांकडे पाहतात. हे काम धंदेवाईक माणसाचं आहे, हे त्यांना कळलेलं असतं.

जादू नसतानाही

माहितीची अडचण फक्त जादूची नाही. उलट बहुतेक कॅम्पेन अडकतात ती माहिती कमी पडल्यामुळे. भिंतीमागचं कपाट शोधायला 15 ची फेक लागते आणि पात्राला 5 ची भर आहे. फाशावर 10 किंवा जास्त यायला हवेत, म्हणजे 55 टक्के यश. उरलेल्या 45 टक्के वेळी ते कपाट सापडत नाही, आणि पुढची सगळी गोष्ट त्याच कपाटात असेल तर चार माणसं तासभर रिकाम्या खोलीच्या भिंती चाचपत बसतात. हा तास मी अनेक टेबलांवर पाहिलाय. पाहवत नाही.

यावर या खेळांबद्दल लिहिणारे जस्टिन अलेक्झांडर यांनी सांगितलेला नियम आता जगभरचे बरेच डीएम पाळतात: खेळाडूंनी जो निष्कर्ष काढावा असं वाटतं त्याच्यासाठी किमान तीन दुवे पेरा. वरचंच उदाहरण घेतलं तर तिन्ही दुवे निसटण्याची शक्यता 45 टक्क्यांवरून 9 टक्क्यांवर येते. रॉबिन लॉज यांच्या 'गमशू' या तपासाच्या खेळांसाठीच्या वेगळ्या नियमपद्धतीने तर दुवे शोधण्यातून फासाच काढून टाकला. योग्य कौशल्य असलेलं पात्र योग्य जागी गेलं की मुख्य दुवा मिळतोच. दुवा मिळाल्यावर त्याचा अर्थ काय लावता आणि काय करता, खेळ तिथून सुरू होतो. मला ही दिशा बरोबर वाटते आणि डिव्हिनेशनकडेही मी आता तसंच पाहतो. खेळाडूने खर्च करून मागितलेला तो एक पक्का दुवा आहे. दहाव्या लेव्हलच्या पार्टीला, म्हणजे पात्रांच्या गटाला, असे दुवे रोज मिळणार, म्हणून त्या लेव्हलला 'खुनी कोण' याच्यापुढचा प्रश्न तयार ठेवायचा. खुनी कळल्यावर काय, हा.

पुढे दोनेक वर्षांनी मी ते व्यापाऱ्याचं प्रकरण पुन्हा काढलं. नवं कॅम्पेन, नवी पात्रं, पण ती मैत्रीण पुन्हा क्लेरिकच खेळत होती. दुष्काळाचं वर्ष, मठाच्या ओट्यावर रोज दोनशे माणसं पेज प्यायला बसलेली, आणि व्यापाऱ्याने धान्य दडवून ठेवलेलं. तो गोदामात मरून पडलेला. या वेळी जबडा होता. संशयितांची यादी मी केलीच नव्हती. त्याला कुणी मारलं, का मारलं आणि त्याने मरताना काय पाहिलं, एवढंच लिहून ठेवलं होतं.

तिने स्पेल टाकलं आणि विचारलं, "तुला कुणी मारलं?"

मी प्रेताच्या आवाजात सांगितलं, "तुझ्या मठातल्या थोरलीने."

थोरली म्हणजे तिच्या पात्राला रस्त्यावरून उचलून वाढवणारी तिची गुरू. सोबत गावचा कोतवाल उभा होता आणि प्रेताचा आवाज त्यानेही ऐकला होता. टेबलावर कुणी हललं नाही. कुणीतरी पुढे केलेला चहा तिने घेतला नाही. चार प्रश्न बाकी होते. शस्त्र कुठंय, साक्षीदार कोण, खातेवही कुठंय, थोरली एकटीच होती का, असे सगळे प्रश्न मला दिसत होते आणि त्यांची उत्तरं माझ्या वहीत तयार होती.

बऱ्याच वेळाने तिने मान वर केली आणि प्रेताला विचारलं, "धान्य कुठे ठेवलंयस?"